नाना, दोरी ताणून धरा

नाना,

तुमच्या तेराव्याला घर भरून माणसं आली होती. डेपोतले तुमचे जुने सोबती आले, गावाकडचे भाऊबंद आले, सासूबाईंच्या, आपल्या आक्कांच्या, भजनातल्या बाया आल्या. जो तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होता. नानांनी आयुष्यभर एसटी चालवली पण कुणाला खरचटू दिलं नाही. नाना कुणाच्या अध्यात नव्हते की मध्यात नव्हते. मी ताटं उचलत ऐकत होते. ते सगळं खरंच होतं, पण ज्या माणसाबद्दल ते बोलत होते त्याला मी फारशी ओळखत नव्हते. तुम्ही निवृत्त झालात आणि मग मी या घरात सून म्हणून आले. मला माहीत असलेले नाना ओट्यावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, दोन दोऱ्यांची टोकं डोळ्यांना लावून पुटपुटणारे. त्यांच्याबद्दल तिथं कुणी बोललं नाही. इक्बालभाई बोलले असते. पण तुमच्याबरोबर इतकी वर्षं तापीवर गळ टाकून बसलेला तो माणूस मागच्या दाराशी उभा राहून नुसता रडत होता.

म्हणून मी बोलते. तुमच्याशीच बोलते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी लीडर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल. आणि हो, लिहायला बसले की माझी शाळेतली मराठी येते. आपण घरात अहिराणीच बोलायचो, तुम्ही हे तसंच अहिराणीत वाचून घ्या.

मलाही तुम्ही लीडरपासूनच सुरुवात करून सांगितलं होतं. रिळावर गुंडाळलेली ती मुख्य दोरी, ब्रेड. बारीक धागे विणून केलेली, शिवणाच्या दोऱ्यासारखी मऊ, आणि जोर मात्र भलता. पण ती पाण्यात माशाला दिसते आणि दगडावर घासली की पिंजते. म्हणून तिच्या टोकाला वेगळी दोरी जोडायची, काचेसारखी पारदर्शक, ताठ, दगडाला सहज दाद न देणारी. तो लीडर. गळ बांधायचा तो लीडरला. आता एक दोरी मऊ, दुसरी ताठ, एक बारीक, दुसरी जाड, आणि दोन्ही गुळगुळीत. साधी गाठ मारली तर पहिल्या हिसड्याला सुटते. मी ब्लाउज शिवणारी बाई, दोऱ्याशीच माझं रोजचं काम, त्यामुळे मला हे पटकन कळलं. तुम्हाला त्याचा इतका आनंद झाला की तुम्ही आक्कांना हाक मारून सांगितलंत. आक्कांनी आतूनच सांगितलं की माळ घातलेल्या घरात हे कौतुक नको.

पण हे सगळं नंतरचं. पहिल्यांदा तुम्ही माझ्या हातात दोरी दिलीत तो दिवस वेगळा होता.

तुमचा मुलगा सुरतेला कामाला गेला होता. आधी महिन्याला यायचा, मग सणावारी, मग नुसता फोन. पुढं कळलं की तिथं त्याचं दुसरं घर झालं आहे, त्या घरात मूलही आहे. आम्हाला मूल नव्हतं. माझा भाऊ दोंडाईच्याहून गाडी करून मला न्यायला आला. तो बैठकीत बसून आक्कांशी बोलत होता. आवाज चढवत नव्हता, पण त्याचं ठरलेलं होतं. मी पिशवी भरली होती. मी पिशवी घेऊन ओट्यावर आले, तर तुम्ही तिथं रॉड मांडीवर घेऊन बसलेले. तुम्ही जा म्हटलं नाहीत, थांब म्हटलं नाहीत. माझ्याकडं न बघता दोरीचं टोक पुढं केलंत.

"हाई टोक धर जरा. ताणीसन धर."

मी पिशवी खाली ठेवून टोक धरलं. तुम्ही गाठ मारत होता आणि ती तुम्हाला जमत नव्हती. एकदा सुटली, पुन्हा सुटली. तुमची बोटं थरथरत होती की तुम्ही मुद्दाम वेळ काढत होता, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही माहीत नाही. भाऊ दारात येऊन उभा राहिला. त्यानं थोडा वेळ आपल्या दोघांकडं पाहिलं. मी त्याला म्हटलं की आज नको, मग बघू. तो चहा पिऊन गेला. गाठ एकदाची झाली तेव्हा तुम्ही दोरी सोडायला सांगितलंत आणि आत निघून गेलात.  तो विषय आपण पुन्हा कधीच काढला नाही.

तेव्हापासून संध्याकाळी शिवणयंत्र बंद केलं की मी ओट्यावर यायची. एक टोक माझं, एक टोक तुमचं. हळूहळू आपण बोलायला लागलो आणि बोलायला लागल्यावर भांडायला लागलो. मी विचारायची, घरात मासा शिजत नाही, तुम्ही खात नाही, धरलेला परत सोडून देता, मग त्या मुक्या जिवाच्या तोंडात गळ अडकवायचा कशाला? तुम्ही दर वेळी वेगळं उत्तर द्यायचा. कधी म्हणायचा, मोकळी हवा मिळते. कधी म्हणायचा, आयुष्यभर कानाशी इंजिन घरघरत होतं, आता शांत बसावंसं वाटतं. मी म्हणायची, शांत बसायला गळ लागत नाही. मग एकदा तुम्ही म्हणालात, "धरा बिगर कसं समजी, पानीमा कोन शे?"

हे उत्तर मला आवडलं होतं, पण पटलं नव्हतं. मी तसं सांगितलंही. तुम्ही मान हलवलीत. काही दिवसांनी मी तुमची गळांची डबी पुसत होते, तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक गळाचा तो आतला उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट केलेला आहे. असा गळ माशाच्या तोंडातून अलगद निघतो. मासा पळूनही जातो सहज. इक्बालभाई म्हणाले होते की नानांचे मासे हल्ली फार सुटतात. तुम्ही मला त्याबद्दल अवाक्षर बोलला नाहीत. मीही डबी बंद करून जागेवर ठेवली. आपला वाद चालूच राहिला, पण त्यानंतर मी जरा हळू आवाजात भांडायची.

मग तो मोठा मासा गेला. तुम्ही आणि इक्बालभाई सकाळी पुलाच्या वरच्या अंगाला बसला होता. बॅरेजमुळं तिथं पाणी खोल तुंबलेलं असतं. इक्बालभाई दुपारी सांगत होते, असा मासा नानांच्या दोरीला कधी लागलाच नव्हता. रॉड कमान झाला, रीळ ओरडायला लागलं, आणि मासा वर यायच्या आतच दोरी हलकी झाली. कोणता मासा होता तेही दिसलं नाही. तुम्ही ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होता, "दगडवर घासाई गयी." शेजारचे हळहळले. मी रॉड आत ठेवायला उचलला आणि दोरीचं टोक माझ्या बोटात आलं. दगडावर घासून तुटलेला दोरा मला कळतो, नाना. तो पिंजतो, कापसासारखा फुलतो. हे टोक पिंजलेलं नव्हतं. ते कुरळं होतं, गाठीचे पीळ त्यात तसेच उमटलेले. दोरी तुटली नव्हती. तुमच्या हातची गाठ सुटली होती.

मी मान वर केली तर तुम्ही माझ्याकडं पाहत होता. मी टोक रिळावर गुंडाळलं आणि आत गेले. तुमच्या डोळ्यांना आता जवळचं दिसत नव्हतं आणि उजव्या हाताची बोटं हुकुमात राहिली नव्हती. ज्या हातानं अक्कलकुव्याच्या घाटात गाडी वळवली त्याच हाताला आता एक फास पक्का करता येत नव्हता. हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक झालंय हेही तुम्हाला कळलं होतं. एवढं पुरे होतं. त्यावर बोलून काय मिळणार होतं?

दुसऱ्या दिवशी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी रॉड बाहेर काढला. इतके महिने समोरून बघून गाठ माझ्या डोळ्यांत बसली होती. दोन्ही टोकं एकमेकांवर आडवी ठेवायची, एकाचा फास करून त्यातून फेरे घ्यायचे, मग तसंच दुसऱ्याचं, आणि दोन्हीकडून ओढायचं. दोन गाठी सरकत येतात आणि एकमेकींना भिडतात. ब्रेडचे फेरे जास्त घ्यायचे, कारण ती निसटते. तुम्ही अंघोळीहून आलात, पंचा गुंडाळलेल्या अंगानं तिथंच उभे राहिलात आणि गाठ बघितलीत. मग लीडर पायाखाली धरून दोरी दोन्ही हातांनी वर ओढलीत, चेहरा लाल होईपर्यंत. गाठ हलली नाही. तुम्ही कपडे घालायला आत गेलात. संध्याकाळी ओट्यावर आले तर तुम्ही दोन्ही टोकं माझ्याच हातात दिलीत.

तेव्हापासून गाठी माझ्या. तक्रारी तुमच्या. गाठ आवळण्याआधी ती ओली करायची असते, कोरडी ओढली तर घासून तापते आणि दोरी कमजोर होते. तुम्ही म्हणायचा, तोंडात धरून ओली कर. मी म्हणायची, मी माशाची दोरी तोंडात धरणार नाही, आणि शेजारी पाण्याचं फुलपात्र ठेवायची. तुमचं म्हणणं, पाण्यानं तशी ओली होत नाही. माझं म्हणणं, मासा पाण्यातच राहतो ना, मग पाणी त्याला चालतं. यावर तुम्ही इतके हसला होता की आक्का बघायला बाहेर आल्या.

पुढं इक्बालभाईंनी मोबाईलवर एक व्हिडिओ आणला. नवी गाठ होती. तिच्यात लीडरला फास नसतोच. ब्रेड ताठ ताणून धरायची आणि लीडर तिच्यावरून खालून, वरून खालून असा विणत जायचा, वेणी घालतात तसा. बोलणारा माणूस इंग्रजीत काय सांगत होता ते आपल्यातल्या कुणालाच नीट कळत नव्हतं, पण हात दिसत होते. ही गाठ इतकी बारीक होते की फेकताना रॉडच्या कड्यांतून आवाज न करता निघून जाते. आपली जुनी गाठ दर कडीला टकटक वाजायची. तुम्हाला ही नवी गाठ नको होती. जिला फास नाही ती धरेल कशी, असं तुमचं म्हणणं. मी म्हटलं, ओढलं की ब्रेड लीडरमध्ये रुतते, फास कशाला हवा? आपलं त्यावर बरेच दिवस वाजलं. मी एकदा बांधून दाखवायला बसले. पण ब्रेड ताणून धरायला एक हात, विणायला दोन हात, आणि मला तिसरा हात नव्हता. ती राहून गेली.

मग तुमची उजवी बाजू गेली.

धुळ्याच्या दवाखान्यातले दिवस मी लिहीत नाही. तुम्हाला ते आवडले नव्हते, मलाही नाही. घरी आणलं तेव्हा तुमचा उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा आणि बोलणं तोंडात घोळायचं. व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या मुलीनं डाव्या हातात ताकद यावी म्हणून रबरी चेंडू दिला होता. तो दाबायचा. तुम्ही तो घरंगळू द्यायचा. आक्का उचलून द्यायच्या, तुम्ही पुन्हा सोडायचा. एकदा तर तुम्ही तो अंगणात फेकलात आणि तोंड भिंतीकडं केलंत. त्या दिवशी आक्का देवासमोर बसून राहिल्या. त्यांना वाटलं, यांनी आता सोडून दिलं सगळं.

मी रॉड काढला. रीळ ओट्याच्या खांबाला बांधलं, ब्रेड बाहेर ओढली आणि तिचं टोक तुमच्या डाव्या तळव्याभोवती गुंडाळलं. तुम्ही बघत होता. मी लीडर घेऊन समोर बसले आणि म्हटलं, "नाना, दोरी ताणून धरा."

तुम्ही धरली नाहीत. ती ढिली पडली आणि माझे फेरे उसवले. मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा उसवले. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ते पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर मला पुढं काही करता आलं नसतं. मी फक्त पुन्हा सांगितलं, आणि मग मला लीडरच्या खाली दोरी ताठ होताना जाणवली. तुमचा खांदा वर आला होता, मान वाकडी झाली होती, पण दोरी ताठ होती. मी घाईनं विणत गेले. त्या दिवशी गाठ झाली नाही, पण अर्ध्यापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी व्यायामाची मुलगी आली तेव्हा आक्कांनी तिला सांगितलं की चेंडू घेऊन जा, यांना दुसरं काम मिळालं आहे.

नंतर आपण रोज बांधायचो आणि रोज कापून टाकायचो. तुम्ही ताणायचा, मी विणायची. झाली की तुम्ही डाव्या अंगठ्यानं तिच्यावरून हात फिरवून बघायचा. खडबडीत लागली की नुसतं "हं" करायचा आणि मी कात्री घ्यायची. इतका लीडर फुकट घालवलेला इक्बालभाईंनी पाहिला असता तर त्यांना झोप आली नसती. एका संध्याकाळी तुम्ही अंगठा फिरवलात, पुन्हा फिरवलात आणि कात्री माझ्या हातातून काढून आपल्या मांडीखाली ठेवलीत. आपली गाठ झाली होती. तुमचं तोंड एका बाजूनं हसलं. मी उठून आत गेले आणि चुलीपाशी उभी राहून रडले. आक्कांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं, गाठ झाली. त्यांना वाटलं माझी चेष्टा चालली आहे.

इक्बालभाईंनी रिक्षा आणली ती सकाळ मी विसरणार नाही. मी पहिल्यांदाच नदीवर आले होते. इतकी वर्षं दोरी हातात होती, पण पाणी पाहिलं नव्हतं. थंडीचे दिवस होते, पाण्यावर धुकं होतं. तुम्हाला खुर्चीवर बसवलं. तुम्ही डाव्या हातानं रॉड फेकलात. दोरी जवळच पडली. इक्बालभाईंनी ओढून दिली, तुम्ही पुन्हा फेकलात, आणि या वेळी ती लांब गेली. एकाही कडीला टक झालं नाही. तुम्ही मान वळवून माझ्याकडं पाहिलंत. फास नसलेली गाठ धरत नाही, हे तुमचं म्हणणं तुम्ही तिथं मागं घेतलंत असं मी समजते. तुम्ही तोंडानं ते कधीच कबूल केलं नाहीत.

नंतर ओढ लागली. रॉड तुम्ही काखेत दाबून धरलात आणि मी रीळ फिरवलं. लहानशी मरळ होती. इक्बालभाईंनी तिच्या तोंडातून गळ अलगद काढला आणि तुमच्याकडं आणली. तुम्ही मान हलवलीत, माझ्याकडं दे म्हणून. मी आयुष्यात मासा हातात धरला नव्हता. ती थंड होती, आणि तिच्या अंगातला जोर माझ्या कोपरापर्यंत आला. मी खाली वाकून हात पाण्यात धरले. ती क्षणभर तशीच राहिली आणि मग नव्हतीच. पाणी तेवढं हललं.  त्या दिवशी भांडायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही फार राहिला नाहीत. दुसरा झटका आला तेव्हा आपण अँब्युलन्सनं धुळ्याला निघालो. हायवेवर गाडी सारखी कचकन थांबत होती. तुमचे डोळे मिटलेले होते, मला वाटलं तुम्हाला शुद्ध नाही. तर तुम्ही अडखळत पण स्पष्ट म्हणालात, "ब्रेक जास्ती दाबस." मला हसू आलं. मी ड्रायव्हरला सांगितलं की माझे सासरे म्हणताहेत, ब्रेक कमी दाबा. त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत. शेवटचे शब्द असे निघतील हे तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही दुसरं काही निवडलं असतं का, हे मी कितीदा तरी मनाला विचारून पाहिलं. मला वाटतं, तुम्ही हेच निवडलं असतं.

तुमचा मुलगा आला. त्यानं सगळं रीतीप्रमाणं केलं. केस उतरवले, तापीवर जाऊन अस्थी सोडल्या. तो जाडा झाला आहे आणि पिकला आहे. माझ्याशी बोलताना खाली बघत होता. तेराव्याच्या संध्याकाळी माणसं गेल्यावर त्यानं कोपऱ्यातला तुमचा रॉड उचलला, लीडर हाताला गुंडाळून जोरात ओढून पाहिला. गाठ पाहिली. कोणी बांधली, असं विचारलं. मी सांगितलं, आम्ही. तो रॉड ठेवून दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, "नाना तुला कधी काही बोलले नाहीत का?" मला वाटलं तो रॉडबद्दल, आजाराबद्दल विचारतो आहे. मी नाही म्हटलं. मी तयार आहे, एवढं म्हणून तो गेला. कशाला तयार, ते मला कळलं नाही.

ते मला आक्कांनी सांगितलं.

तो सुरतेला परत गेला. नंतर एका सकाळी आक्का म्हणाल्या की त्यांना नदीवर यायचं आहे, नाना बसायचे ती जागा बघायची आहे. इतक्या वर्षांत त्या एकदाही आल्या नव्हत्या. इक्बालभाईंनी आम्हाला रिक्षानं सोडलं आणि ते लांब जाऊन बसले. मी रॉड सोबत घेतला होता, का ते मलाही सांगता येत नाही. आक्का पदर सावरून दगडावर बसल्या आणि त्यांनी पाण्यावरून नजर फिरवली. मग त्यांनी विचारलं, "इतला येळ काय करेत तुम्ही या दोरीनं?"

मी दाखवते म्हटलं. ब्रेडचं टोक त्यांच्यापुढं केलं. त्यांनी हात मागं घेतला आणि याला गळ तर नाही ना, असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी तळव्याला गुंडाळून घेतलं. मी समोर बसून लीडर विणायला लागले. माझी नजर बोटांवर, त्यांची दोरीवर. आणि नाना, अशा वेळी माणूस बोलतो, हे तुमच्या-माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

आक्का म्हणाल्या, "त्या सुरतले जायेल व्हतात, माहीत शे का तुले?"

तुम्ही सुरतेला गेला होता हे मला माहीत नव्हतं. तुमचे हात थरथरायला लागले होते, गाठी मी बांधत होते, त्याच सुमाराला तुम्ही एकदा उकाईला जातो म्हणून निघाला होता. तिथल्या धरणावर मोठे मासे लागतात, असं सांगून तुम्ही रॉडही सोबत नेला होता. दोन दिवसांनी आलात ते न बोलता झोपून राहिलात. मासा लागला नाही म्हणून हिरमुसले असतील असं मी समजले होते. तुम्ही उकाईला उतरलाच नव्हता. तुम्ही रॉड घेऊन सरळ सुरतेला गेलात, त्याच्या दारात. परत ये म्हणायला गेला नव्हता. माझी मोकळीक मागायला गेला होता. तू तुझं घर केलंस, आता कागदावर सही करून हिला सोड, तिलाही तिचं घर करू दे, असं तुम्ही त्याला सांगितलंत. आणि तो लगेच तयार झाला. तिला विचारा, ती म्हणेल तेव्हा सही करतो, असं म्हणाला.

तेवढंच राहिलं होतं, नाना. मला विचारायचं.

आक्का सांगत होत्या, तुम्ही घरी आलात आणि त्यांना सगळं सांगितलंत. उद्या विचारतो म्हणालात. दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर आले, तुम्ही टोकं माझ्या हातात दिलीत, आणि विचारलं नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आक्कांनी आठवण करून दिली तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "माले इचाराले जमाव नही. ती हो म्हनी ते मंग?"

माझे हात थांबले. आक्कांनी दोरी सोडली नाही. त्या रडत होत्या, पण ताणून धरून बसल्या होत्या. मी गाठ पूर्ण करू शकले नाही. उसवून दोरी गुंडाळली आणि आम्ही घरी आलो.

मी तेव्हा पस्तिशीच्या आत होते. आता चाळिशी उलटली. तुम्ही विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं की नाही, हे मी गेले कित्येक दिवस मनात उलटसुलट करून पाहते आहे. एखाद्या सकाळी वाटतं, नक्की नाही म्हटलं असतं. ही माणसं सोडून कुठं जाणार होते? संध्याकाळी शिवणयंत्रावर बसले की वाटतं, हो म्हटलं असतं, आणि कुठंतरी शाळेतून येणाऱ्या आपल्या मुलाची वाट बघत असते. मला खरंच सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणूनच ते तेव्हा विचारायला हवं होतं. तुम्ही माझ्यासाठी म्हाताऱ्या अंगानं सुरतेपर्यंत गेलात, पोटच्या मुलापुढं हात पसरलात. आणि तिथून परत आल्यावर ओट्यावर तुमच्या समोर बसलेल्या माझ्यापर्यंत तुम्हाला पोचता आलं नाही. तुम्हाला मी हवी होते. हे मला कळतं. एवढं कुणाला हवं असणं माझ्या वाट्याला दुसरीकडं कुठं आलं नाही, हेही कळतं. पण ते तुम्ही माझ्याकडून मागून घेतलं नाहीत. न विचारता ठेवून घेतलंत.

काल मी धुळ्याला जाऊन वकिलाकडं घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करून आले. तुमच्या मुलाला फोन मीच केला. तो बरं म्हणाला. कोर्टाच्या तारखा अजून व्हायच्या आहेत, पण माझ्याकडून झालं. परत आले तेव्हा आक्का दारात होत्या. काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, आणि हेही सांगितलं की मी इथंच राहणार आहे, पण आता कुणाची बायको म्हणून नाही. त्यांनी माझी पिशवी हातातून घेतली.

"हात धोय," म्हणाल्या. "जेवाले बस."

म्हणजे आता मी फार दिवस तुमची सून असणार नाही. म्हणून आज पहिल्यांदा हे सांगायला धजते, नाना. मला तुमचा राग आलाय. खूप आलाय. आणि तुम्ही समोर असता तर या वेळी मी आवाज खाली घेतला नसता. सून म्हणून सासऱ्यावर असं ओरडायची माझी हिंमत कधीच झाली नसती.